वधूमातेचे वस्त्र : महाराष्ट्रातील विवाहपरंपरेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विवाहसंस्थेच्या इतिहासाचा विचार करताना विवाहाचे वय, हुंडा, विधवाविवाह, विधींचे स्वरूप आणि वधूचा साजशृंगार या विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गेलेले दिसते. वधूच्या आईने त्या दिवशी काय नेसावे, हा प्रश्न त्या मानाने घरगुती समजला गेला. तो घरगुती आहे हे खरेच. परंतु घरातील मानापमानाची उतरंड ज्या प्रसंगी सर्वांत उघडपणे दिसते, त्यांत लग्नाच्या कापडखरेदीचा क्रम फार वरचा लागतो. कोणाला कोणते लुगडे, कोणत्या काठाचे, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या हातून, हे ठरविताना घरातील प्रत्येक स्त्रीचे स्थान नकळत ठरविले जात असे.

प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंतच्या काळात वधूमातेच्या वस्त्राविषयीचे संकेत कसे घडले व कसे बदलले याचा विचार केला आहे. विवेचनाचा मुख्य भर कार्तिक-मार्गशीर्षातील, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर लगेच होणाऱ्या विवाहांवर आहे. कारण या हंगामात कापडाची खरेदी, पिकाचा पैसा आणि सणाचा आहेर या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात. वधूमातेने वस्त्र ‘निवडणे’ ही कल्पनाच तुलनेने अलीकडची आहे, हे येथे मांडावयाचे आहे. दीर्घकाळ तिचे वस्त्र तिच्यासाठी इतरांनी निवडले. ते तिच्या माहेराने निवडले, तिच्या व्याह्यांनी निवडले, आणि तिचा पती हयात आहे की नाही या एका वस्तुस्थितीने निवडले.

शब्दांची साक्ष

मराठीत ‘वरमाय’ हा शब्द मोठा ठसठशीत आहे. वरमाय मिरवते, रुसते, मान मागते. तिच्यासाठी परीट पायघड्या घालतो आणि त्यांवरून ती मांडवात येते. ‘वधूमाय’ हा शब्दही आहे, पण त्याला तो दिमाख नाही. लग्नघरात वधूच्या आईचा उल्लेख बहुधा ‘मुलीची आई’ असाच होतो, आणि ‘विहीण’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती वराची आई. वास्तविक विहीण हे नाते परस्पर आहे; दोघीही एकमेकींच्या विहिणीच. तरी ‘विहिणीचा मान’, ‘विहिणीची पंगत’ हे शब्दप्रयोग एकाच बाजूला झुकलेले आहेत. ज्या घरांत सीमांतपूजनाच्या वेळी विहिणीचे पाय धुण्याची चाल होती, तेथे पाय कोणाचे आणि धुणारे हात कोणाचे, हे सांगण्याची गरज पडत नसे.

या पार्श्वभूमीवर एक शब्द विशेष लक्ष वेधून घेतो, तो म्हणजे ‘पोटझाकण’. वरपक्षाकडून वधूच्या आईला जे लुगडे दिले जाई त्याला हे नाव आहे. ज्या पोटी मुलगी जन्मली, त्या पोटाचा हा मान. वधूच्या शालूला, वराच्या उपरण्याला, करवलीच्या साडीला कोणी शरीराच्या अवयवाचे नाव दिलेले नाही. वधूमातेचे म्हणून जे एकमेव नामांकित वस्त्र मराठीत आढळते, ते मात्र तिच्या उदराच्या नावाने ओळखले जाते. हा सन्मान आहे की मोबदला, याविषयी मतभेद संभवतो. कन्याशुल्काच्या जुन्या कल्पनेचा अवशेष त्यात पाहणे शक्य आहे. परंतु ज्या समाजगटांत हुंड्याचा ओघ नेमका उलट्या दिशेने वाहत होता, तेथेही पोटझाकण चालू राहिले. त्यामुळे मोबदल्यापेक्षा त्यात कृतज्ञतेचा एक औपचारिक उच्चार मानणे अधिक सयुक्तिक वाटते. काहीही मानले, तरी एक गोष्ट निश्चित आहे. हे वस्त्र वधूमातेने निवडलेले नसे. रंग, काठ, पोत सारे देणाऱ्याच्या ऐपतीवर व इच्छेवर अवलंबून असे, आणि ते पसंत नाही असे म्हणण्याची मुभा तिला नव्हती. ती मुभा वरमायेला होती.

माहेरचा आहेर

वधूमाता विधीच्या वेळी जे वस्त्र नेसत असे, ते अनेक घरांत तिच्या भावाने आणलेले असे. ग्रहमख व देवकप्रतिष्ठा यांच्या सुमारास यजमान दांपत्याला ‘घरचा आहेर’ केला जातो. त्या वेळी वधूच्या आईला तिच्या माहेरहून लुगडे व खण येतो. वधूचा मामा या नात्याने तो भाचीसाठी पिवळी अष्टपुत्री आणतो आणि भाऊ या नात्याने बहिणीसाठी लुगडे. म्हणजे ज्या दिवशी ही स्त्री आपल्या मुलीला परक्या घरी धाडावयास उभी राहते, त्याच दिवशी तिला स्वतः ज्या घरातून धाडले गेले त्या घराचे वस्त्र तिच्या अंगावर असते. या योजनेत एक प्रकारचे औचित्य आहे. पण त्यातील ताणही दुर्लक्षिता येत नाही. माहेर सुस्थितीत असेल तर वधूमातेचा पदर भरजरी, नसेल तर साधा. आणि तो साधा पदर साऱ्या मांडवाला दिसणार. भाऊ नसलेल्या, किंवा भावाशी बोलणे तुटलेल्या स्त्रीच्या वाट्याला या क्षणी काय येत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. मुलीच्या लग्नाआधी भावाबहिणींतील जुने तंटे मिटविण्याची जी धडपड मराठी घरांतून दिसते, तिचे एक व्यावहारिक कारण या लुगड्यात आहे.

कार्तिकातील विवाहांत या प्रथेला आणखी एक पदर असतो. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला येते. तुळशीचे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत लागते, आणि त्यानंतर विवाहाचे मुहूर्त सुरू होतात. म्हणजे भाऊबिजेची ओवाळणी आणि लग्नाचा आहेर यांत कित्येकदा दोन-तीन आठवड्यांचेच अंतर राहते. बेताच्या परिस्थितीतील भावाला या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच चांगल्या लुगड्यात भागविणे सोयीचे होते, आणि समंजस बहीण त्याला हरकत घेत नसे.

हंगाम, पैसा आणि बस्ता

चातुर्मासात विवाह करावयाचे नाहीत हा संकेत सर्वश्रुत आहे. आषाढी एकादशीला मिटलेले दार कार्तिकी एकादशीला उघडते. शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने या काळाचा अर्थ धार्मिक तितकाच आर्थिक आहे. खरिपाची बाजरी, भात, भुईमूग घरात किंवा बाजारात आलेले असतात; खानदेश-विदर्भात कापसाची वेचणी सुरू झालेली असते. रोकड हाती येण्याचा हा मोसम आहे. तरीही ग्रामीण भागात मोठ्या संख्येने लग्ने उन्हाळ्यात, शेतीची कामे थंडावल्यावर होत आली. कार्तिक-मार्गशीर्षात रब्बीच्या कामांतून सवड काढावी लागते. ज्यांना हा हंगाम मानवला, त्यांत नोकरदार, व्यापारी व पुढे गिरणीकामगार यांचा समावेश करावा लागेल. दिवाळीच्या बोनसची प्रथा रूढ झाल्यावर, व १९६५ च्या बोनस कायद्याने तिला निश्चित आधार मिळाल्यावर, नोकरदार वर्गाच्या लग्नखर्चाला शरदाच्या अखेरीस एक हक्काचा स्रोत लाभला.

वस्त्राच्या निवडीवर ऋतूचा परिणाम अगदी साधा व थेट होतो. पंखे नसलेल्या काळात वैशाखातील मांडवात दिवसभर जड जरीचे रेशीम नेसून वावरणे ही शिक्षाच होती. वधूला ती टळत नसे. वधूमाता, जिला पहाटेपासून स्वयंपाकघर, देवघर व मांडव यांच्यामध्ये फेऱ्या घालाव्या लागत, विधी आटोपताच सुती लुगडे नेसून मोकळी होई. कार्तिक-मार्गशीर्षातील हवेत पैठणी, गर्भरेशमी इरकल, नारायणपेठी किंवा बनारसी शालू अंगावर सुसह्य होतो, आणि पहाटेच्या गारठ्यात दोन्ही खांद्यांवरून घेतलेली शाल शोभेबरोबर उबेचेही काम करते. विधीच्या वेळी रेशीम नेसणे हा सोवळ्याचाही भाग होता. ज्यांच्याकडे मौल्यवान रेशमी लुगडे नसे, त्या साधा मुकटा नेसून कन्यादानास बसत. सोवळे सांभाळले जाई. मिरवणे राहून जाई.

कार्तिकाशी संबंधित एक गोष्ट येथे ओघाने सांगावीशी वाटते. तुळशीच्या लग्नात यजमान दांपत्य तुळशीचे आईबाप होऊन तिचे कन्यादान करते. घरोघरची गृहिणी अशा रीतीने दर वर्षी एकदा वधूमाता होते. तुळशीला लुगड्याचा तुकडा नेसविते, ओटी भरते, आणि स्वतः बहुधा दिवाळीचेच नवे लुगडे नेसते. या लुटुपुटीच्या लग्नात विहीण नसते, म्हणून कोणाचा पदर अधिक भरजरी हा प्रश्नही उद्भवत नाही.

खऱ्या लग्नात तो प्रश्न बस्त्याच्या वेळी सोडविला जाई. बस्ता बांधणे, म्हणजे लग्नाची एकत्रित कापडखरेदी, हा ग्रामीण महाराष्ट्रात एक स्वतंत्र सोहळाच असतो. तालुक्याच्या गावी दुकानाच्या गादीवर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, याद्या काढल्या जातात आणि गठ्ठे सुटतात. यादीचा क्रम मानाच्या क्रमाने चालतो. वधूचा शालू, वराचा पोशाख, विहिणीची साडी, मग आत्या, मावश्या, करवल्या व भाऊबंदांच्या मानाच्या साड्या. बोलणी दीर्घकाळ पुरुषच करीत असत. वधूमाता हजर असली तरी तिच्या स्वतःच्या वस्त्राचा विषय अखेरीस, उरलेल्या रकमेत निघे; अनेकदा निघतच नसे, कारण तिचे लुगडे माहेरहून यावयाचे असे किंवा पेटीत ठेवलेले स्वतःच्या लग्नातील वस्त्र पुन्हा बाहेर निघावयाचे असे. वरमायेपेक्षा वधूमातेचे वस्त्र सरस दिसू नये, हा नियम कोठे लिहिलेला नव्हता. तो पाळण्यासाठी लिहिण्याची आवश्यकताच नव्हती.

याच संदर्भात ऐतिहासिक साधनांची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. पेशवेकाळातील थोरामोठ्यांच्या विवाहांच्या यादी व बेतपत्रे उपलब्ध आहेत. १७८३ मध्ये झालेल्या सवाई माधवरावांच्या विवाहाचा नाना फडणिसांनी केलेला तपशीलवार बेत तर प्रसिद्धच आहे. पण ती कागदपत्रे पेशव्यांच्या घरची, म्हणजे वरपक्षाची आहेत. मानाची वस्त्रे कोणाला द्यावयाची याची काळजी त्यांत आहे. वधूच्या आईने स्वतः काय नेसले, हे नोंदविणे कारकुनाचे काम नव्हते. दप्तरात जे येते ते दिल्या-घेतल्याचे. नेसल्याचे दप्तर नसते.

तरुण वधूमाता

वधूमाता म्हटले की आज पन्नाशीच्या आसपासची, थोड्या सौम्य रंगाच्या साडीतील स्त्री डोळ्यांसमोर येते. एकोणिसाव्या शतकाला हे चित्र लावता येत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होत असे तेव्हा, तिची आई स्वतःही बालपणीच विवाहित झालेली असल्याने, पंचवीस ते तीस वर्षांची असणे स्वाभाविक होते. तिच्या कडेवर धाकटे मूल असे. ती पुन्हा गरोदर असणेही अशक्य नव्हते. अशा स्त्रीसाठी ‘वयाला साजेसे’ वस्त्र ही कसोटीच निरर्थक होती. तिच्या रंगाचा निर्णय वय करीत नव्हते, सौभाग्य करीत होते. पती हयात असेपर्यंत हिरवा, पिवळा, तांबडा, कुसुंबी हे रंग तिचे. साठ वर्षांच्या सुवासिनीलाही ते वर्ज्य नसत. काळी चंद्रकळा संक्रांतीला कौतुकाची, लग्नात मात्र नको. कासाराकडून लग्नघरातल्या सुवासिनी हिरव्या बांगड्या भरून घेत, त्यांत वधूमाता असेच.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी विवाहाचे किमान वय १४ ठरविले. ते १९४९ मध्ये १५ व १९७८ मध्ये १८ झाले. कायद्यापेक्षा शिक्षण व नागरीकरण यांनी हे वय प्रत्यक्षात अधिक वाढविले, हे सर्वज्ञात आहे. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की वधूमाता पोक्त झाली. मुलगी बावीस-चोवीस वर्षांची, तर आई पंचेचाळिशीची. आईने मुलीच्या रंगापासून एक पाऊल मागे राहावे, भडक नेसू नये, अंजिरी, मोतिया, राखी किंवा फिकट जांभळ्या छटा घ्याव्यात, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मध्यमवर्गीय संकेत या वयाच्या अंतरातून निर्माण झाला. त्याला परंपरा म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्याचे वय फार नाही.

कापडाच्या अर्थव्यवस्थेतील बदलांचाही येथे धावता उल्लेख केला पाहिजे. १८५६ मध्ये पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधला आणि पुढील दोन-तीन दशकांत रासायनिक रंगांनी देशी रंगाऱ्यांच्या वनस्पतिजन्य रंगांना मागे सारले. १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसनने भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत एकत्र केले, ते इंग्लंडमधील गिरणीमालकांना येथील पसंती कळावी म्हणून. मुंबईतही याच काळात गिरण्या उभ्या राहत होत्या. गिरणीच्या स्वस्त कापडामुळे आहेराच्या याद्या लांबविणे शक्य झाले, आणि मानाच्या साड्यांची संख्या वाढली की शेवटच्या नावासाठी उरणारी रक्कम घटते, हा साधा हिशेब होता. १९०५ मधील स्वदेशीच्या चळवळीने व पुढे खादीने या व्यवहाराला नैतिक प्रश्नाचे रूप दिले. खादीचे लुगडे नेसून मुलीच्या लग्नात उभी राहणारी आई ही वधूमातेच्या वस्त्राच्या इतिहासातील एक नवी व्यक्ती होती. तिचे वस्त्र भावाने आणलेले नव्हते, व्याह्यांनी दिलेले नव्हते. ते तिच्या किंवा तिच्या पतीच्या मताने आलेले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये सुती कापडावर व सुतावर नियंत्रण आले तेव्हा निवडीचा प्रश्न काही काळ टंचाईने परस्परच मिटविला.

विधवा माता

या विषयातील सर्वांत कठोर भाग विधवा वधूमातेचा आहे. सनातनी ब्राह्मण कुटुंबांत केशवपन केलेली विधवा तांबडे आलवण नेसे. मुलीच्या लग्नातही तिला दुसरे वस्त्र नव्हते, आणि ते वस्त्र नेसून मांडवात, मंगल विधीच्या जागी येण्याची परवानगीही नव्हती. कन्यादान चुलता-चुलतीने किंवा अन्य जवळच्या दांपत्याने करावयाचे. आईने माजघरात, कोठीच्या खोलीत किंवा दाराआड थांबावयाचे. लग्नाची तयारी, पापड-कुरडयांपासून रुखवतापर्यंत, तिच्याच हातची असे. अंतरपाट दूर होतानाचा क्षण मात्र तिच्या दृष्टीआड जाई. आलवण हे वस्त्र होते असे म्हणण्यापेक्षा ती एक सीमारेषा होती, आणि ती तिच्या अंगावरच असल्याने ती जेथे जाई तेथे सीमाही बरोबर जाई.

ज्या जातींत पाटाची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, तेथे आलवण व केशवपन नव्हते. तरी कुंकू, हिरव्या बांगड्या व मंगल कार्यातील पुढाकार यांबाबतचे निर्बंध वेगवेगळ्या प्रमाणात होतेच. लग्नाची व पाटाची असा भेद धार्मिक मानाच्या बाबतीत तेथेही केला जाई.

तुलनेसाठी त्याच काळातील इंग्लंडच्या राजघराण्याचे उदाहरण उद्बोधक ठरेल. राणी व्हिक्टोरियाची थोरली कन्या जानेवारी १८५८ मध्ये विवाहबद्ध झाली, तेव्हा राणीने जांभळ्या छटेचा मखमली पोशाख केला होता, आणि त्याच्या वर्णनाने त्या रंगाची लाट उसळण्यास हातभार लावला. डिसेंबर १८६१ मध्ये प्रिन्स आल्बर्ट मरण पावले. जुलै १८६२ मध्ये दुसरी मुलगी ॲलिस हिचा विवाह ऑस्बर्न येथील घरात, दुःखाच्या सावटाखाली झाला. राणी त्याला काळ्या वैधव्यवस्त्रांत उपस्थित होती. तेथेही वैधव्याने वधूमातेचे वस्त्र ठरविले. पण त्या वस्त्रात ती विधीच्या जागी उपस्थित राहू शकत होती. महाराष्ट्रातील आलवणाचा प्रश्न केवळ रंगाचा नव्हता, हे या फरकातून स्पष्ट होते. अर्थात सम्राज्ञीची तुलना पुण्याच्या वाड्यातील विधवेशी करताना सत्तेचे अंतर विसरता येणार नाही.

१८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाह वैध ठरविला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिला. या प्रयत्नांचे मोल सर्वमान्य आहे. त्यांचा रोख मात्र तरुण विधवेच्या शिक्षणावर व पुनर्विवाहावर होता. मुलगी लग्नाला आलेली विधवा आई कार्यक्रमात कोठे उभी राहील, हा प्रश्न सुधारणेच्या मोठ्या प्रश्नांमध्ये मागे पडला. सप्टेंबर १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरोहिताविना विवाह घडवून आणला, तो या दृष्टीने अधिक मूलगामी म्हणावा लागेल. वधूवरांनी परस्परांस दिलेली वचने हा विवाहाचा गाभा मानला की, यजमानपत्नी सुवासिनीच असली पाहिजे या अटीचा आधारच नाहीसा होतो.

अधिकाराचा क्रम

वस्त्राचा हा इतिहास कन्यादानाच्या अधिकाराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. कन्यादानाच्या वेळी वधूचा पिता संकल्प सोडतो व माता पाण्याची धार धरते. इतर विधींत ती पतीच्या हाताला हात लावते. तिचे भरजरी वस्त्र या साहाय्यक भूमिकेचे होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात कन्या देण्याचा अधिकार असणाऱ्यांचा क्रम सांगितला आहे. त्यात पिता, पितामह, भ्राता व सकुल्य यांच्यानंतर अखेरीस मातेचे नाव येते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सहाव्या कलमात अल्पवयीन वधूच्या विवाहास संमती देणाऱ्या पालकांची यादी होती. तीत पित्यानंतर लगेच दुसरे स्थान मातेला मिळाले. हे कलम १९७८ मध्ये गळले, कारण वधूचे किमान वय १८ झाल्यावर त्याचे प्रयोजन उरले नाही. यादीच्या तळापासून दुसऱ्या स्थानापर्यंतचा हा प्रवास फारसा चर्चिला गेलेला नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार होणाऱ्या नोंदणी विवाहात तर तीन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्या लागतात, आणि वधूची आई, विधवा असो वा सधवा, त्यांपैकी एक होऊ शकते. तेथे तिच्या कपाळाकडे किंवा काठपदराकडे पाहण्याचे कारण नाही.

नऊवारी, पाचवारी आणि दोन साड्या

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून शहरी मध्यमवर्गात सकच्छ नऊवारी लुगड्याची जागा गोल पाचवारी पातळाने घेण्यास आरंभ झाला. पुढील काही दशकांतील विवाहांच्या छायाचित्रांत एक संक्रमण स्पष्ट दिसते : मुलगी पाचवारीत, आई नऊवारीत, आणि आजी नऊवारीत अंगावर शाल घेऊन. पुढच्या पिढीत आईही दैनंदिन जीवनात पाचवारी नेसू लागली. तरी कन्यादानाला बसताना नऊवारीच हवी, हा आग्रह टिकून राहिला. परिणामी वधूमातेच्या वाट्याला एका दिवसात दोन वस्त्रे आली. सकाळच्या विधीसाठी नऊवारी, जी माहेरची किंवा परंपरेची. आणि सायंकाळच्या स्वागतसमारंभासाठी दुसरी साडी, जिला कोणताही विधी चिकटलेला नव्हता. मंगल कार्यालयांच्या वाढीमुळे घरच्या स्वयंपाकाच्या जबाबदारीतून तिची पुष्कळशी सुटका झाली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. चुलीपाशी बसावे लागणाऱ्या स्त्रीला स्वागतसमारंभाच्या साडीचा उपयोग नव्हता. ही सायंकाळची साडी ही वधूमातेची खरी पहिली निवड होय. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत ती स्वतःच्या कमाईतून घेतलेली असण्याचीही शक्यता निर्माण झाली.

पैठणीचा नव्याने झालेला प्रसारही याच चौकटीत पाहावा लागतो. येवला व पैठण येथील हातमागाची ही वस्त्रे विसाव्या शतकाच्या मध्यास मागणीअभावी मागे पडली होती. शासकीय प्रयत्नांनी व बदललेल्या अभिरुचीने त्यांना पुन्हा उठाव मिळाला. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पैठणी हे सामान्य गृहिणीचेही बक्षीस असू शकते हे घरोघर पोहोचविले. त्यानंतर यंत्रमागावरील ‘सेमी पैठणी’ आली आणि वधूमातेलाही मोराचा पदर परवडू लागला. शिवलेल्या नऊवारीने नेसण्याचे कसबही अनावश्यक ठरविले. जाणकारांना याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पूर्वी ज्या स्त्रीचा विचार यादीच्या शेवटी होत असे, तिच्या दृष्टीने या स्वस्ताईचा अर्थ निराळा आहे.

वैधव्याच्या बाबतीत बदल अधिक संथ आहे. आलवण व केशवपन इतिहासजमा झाले. पण निमंत्रणपत्रिकेवर आईच्या नावामागे ‘गं. भा.’ लावण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही सर्रास होती, आणि एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी हीच संज्ञा शासकीय पातळीवर सुचविली गेली तेव्हा तिला तीव्र विरोध झाला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे आदी विधवाप्रथांवर बंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे सुचविले. मुलीच्या लग्नात रंगीत साडी नेसून, कपाळाला टिकली लावून, एकटीने कन्यादानास बसणाऱ्या विधवा माता आता शहरांतून दिसतात. त्यांच्या पुढे येण्यास काही ठिकाणी स्त्री पुरोहितांनीही साहाय्य केले आहे. गावांतून मात्र चुलता-चुलतीची जोडी अद्याप पुढे बसते, आणि आईची साडी रंगीत असली तरी तिची जागा पुष्कळदा मांडवाच्या कडेलाच असते.

पोटझाकणाची साडी अनेक ठिकाणी अजूनही बस्त्याच्या यादीत असते. ती वरपक्षाच्या खर्चाने येते, दुकानदार ती न विचारताच वेगळी काढून ठेवतो, आणि वधूमाता ती घेते. त्या दिवशी ती नेसतेच असे नाही.